पुरवणी कागद

मी, प्रेमावती शांबा नाईक, वय त्रेपन्न,
राहणार केरी, तालुका सत्तरी,
शपथेवर लिहिते की
माझ्या नवऱ्याचं डोकं दुखतं.

एवढ्यानं भागत नाही, म्हणाले वाळपईचे वकील.
किती, कधीपासून, कशानं, ते हवं.
म्हणून पुढे लिहिते.

पहिला घोळ नावाचा.
हुद्दा नायक, आडनाव नाईक.
आमचं अपील चार महिने भलत्याच नाईकाच्या फायलीत निजलं होतं.
उत्तर आलं ते गुडघ्याचं.
हे खूप हसले.
त्या दिवशी दुखत नव्हतं.

दुसरं उत्तर नीट पत्त्यावर आलं.
आजार सेवेमुळे झालेला नाही,
सेवेमुळे वाढलेलाही नाही.
अपंगत्व एकोणीस टक्के.
पेन्शन विसापासून.

साहेब, मी सोसायटीत काजूबिया तोलते.
एकोणीस नि वीस यांच्यात किती अंतर, मला ठाऊक आहे.
बोट टेकलं तरी भरून निघतं.
पण डोकं तुम्ही
कुठल्या काट्यावर ठेवलंत?

भरती झाले तेव्हा निरोगी होते,
तुमच्याच डॉक्टरची सही आहे, कागद क्रमांक तीन.
मग सतरा वर्षं तोफेपाशी, कानात कापूस.
हे दुखणं त्यानंतर आलं.
माझ्या बापानं तर ते हुंड्यात दिलं नव्हतं.

आधी उजव्या डोळ्याच्या कडेला
विळ्याच्या धारेसारखं काही चमकतं, म्हणतात.
मग जीभ अडखळते.
एकदा मला हाक मारायला गेले, नाव सापडेना,
तर नुसतं म्हणाले, ओव्हर.
आणि वाट बघत राहिले.

एप्रिलात गावभर बोंडांचा वास सुटतो,
लोकांना हुर्राक आठवते,
आम्ही खिडक्यांवर गोधड्या ठोकतो.
ओकारीची बादली, ओलं फडकं,
आणि ते कुजबुजतात, ही तकली म्हजी न्हय गो.

शिगम्याचा ढोल पूर्वी यांच्याच खांद्यावर असायचा.
आता मेळ आमच्या वळणावर आला
की वाजवणारे काठ्या वर धरतात
आणि मुक्यानं चालत जातात
पार फणसापर्यंत.
त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.
हे टक्क्यांत धरता येतं का, मला माहीत नाही.
वकील म्हणाले, राहू दे.

मंडळासमोर गेले त्या सकाळी दुखत नव्हतं.
इस्त्रीचा शर्ट, पाठ ताठ.
विचारलं, आता दुखतंय?
हे खरं बोलले.
पणजीला परतीची शेवटची कदंब चुकली,
मांडवीवर कॅसिनोंचे दिवे पेटले,
लाल, निळे, पुन्हा लाल, पाण्यातही तेच,
आणि हे फलाटावरच खाली बसले
माझ्या पदरात तोंड खुपसून.
रखवालदार आला. म्हणाला, पिऊन आलाय?

साहेब, आमच्याकडे साक्षीदार म्हणावा तर तो एकच.
त्याचं नाव विचारायचं राहिलं.

सोबत दिनदर्शिकेची पानं जोडली आहेत.
कोळशाची खूण म्हणजे दुखलं.
शाईचे आकडे दुधाचे, ते धरू नयेत.
गेल्या वर्षी खुणा एकशे बारा.
जूनचं पान उंदरानं खाल्लं,
ते दिवस आम्ही मागत नाही.

हा कागद यांना वाचून दाखवलेला नाही.
ढोलाचं कशाला लिहिलंस, म्हणतील.
आत काळोख करून पडलेत,
मी ओसरीवर बसून लिहितेय,
पेन कागदावर घासतं तेसुद्धा
त्यांना ऐकू जातं.

वरील मजकूर खरा आहे.
सही खाली केली आहे.
शिक्का
हळू मारावा.